कुंभारमाशीच्या घराला काच हवी होती

दोन महिन्यांपूर्वी एका वन्यजीव उद्यानातल्या कीटकदालनात मी तासभर होते. दारावर रंगवलेला अक्राळविक्राळ कोळी, आत काळोख, लाल दिवे, कुठून तरी येणारा गडगडाटाचा आवाज आणि भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या काचपेट्या. टॅरंटुलाच्या पेटीत नारळाचा भुसा, सालीचा एक तुकडा आणि पाण्याची बशी एवढंच दिसत होतं. कोळी सालीखाली होता. दिवसा तो तिथेच असणार. एका गृहस्थांनी मुलीला उचलून काचेपाशी धरलं, काचेवर दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "काही नाहीये आत. चल, वाघ बघू." बाहेर चहाच्या टपरीवर त्यावरूनच वाद जुंपला. किडे-कोळी घरात काय कमी आहेत, त्यांच्यासाठी तिकिटाचे पैसे कशाला, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. शेजारी बसलेला कॉलेजातला मुलगा तावातावाने सांगत होता की मुक्या जिवाला पेटीत कोंडणं मुळातच चूक, मग तो वाघ असो की कोळी. हा विषय जिथे जिथे निघतो तिथे मी याच दोन बाजू ऐकत आले आहे. आणि जे दालनाच्या बाजूने बोलतात, ते 'परागीभवन', 'अन्नसाखळी', 'संवर्धन' हे तीन शब्द उच्चारून थांबतात.

माझं मत आधीच सांगते. किडे आणि कोळी आपल्या प्राणीसंग्रहालयांत हवेत, आज आहेत त्याहून कितीतरी जास्त हवेत. पण ते प्रामुख्याने आपल्याच भागातले हवेत आणि काही तरी करताना दिसायला हवेत: जाळं विणताना, शेणाची गोळी वळताना, अंडी राखताना, कात टाकताना. नुसता देह दाखवणारं दालन बंद केलेलं बरं. सगळा वाद पिंजऱ्याभोवती फिरतो, कारण वाघाच्या बाबतीत प्रश्न पिंजऱ्याचाच असतो. किड्याच्या बाबतीत आधी विचारायला हवं ते हे की काचेतून काय दिसतं?

विरोधकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा मला त्या टपरीवरच्या गृहस्थांचाच वाटतो. जो जीव अंगणात, गच्चीवर, दाराच्या चौकटीत फुकट दिसतो, तो पेटीत का ठेवायचा? मुलांना बाहेर न्या, पान उलटून दाखवा, दगड उचलून दाखवा. हा सल्ला चांगला आहे आणि मी तो स्वतः पाळते. पण डोळ्यांसमोर असणं आणि दिसणं यात केवढं अंतर असतं, याचं उदाहरण आपल्याच परंपरेत आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्या यादीत वाघ नाही, सिंह नाही. पण पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे आणि कुंभारमाशी आहे. चोवीसांतले चार गुरू सहा नाहीतर आठ पायांचे. ज्या संस्कृतीने कोळ्याला गुरू मानलं, तिच्या लेकरांनी "किडे काय बघायचे" म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. पण मुद्दा कुंभारमाशीचा आहे. ती मातीचं घर बांधते, अळीला उचलून आत नेते, तोंड लिंपून टाकते आणि काही दिवसांनी त्या घरातून नवी कुंभारमाशी बाहेर पडते. यावरून समज रूढ झाला तो असा की कोंडलेली अळी भीतीने सतत कुंभारमाशीचं ध्यान करते आणि ध्यान करता करता तिचंच रूप घेते. ध्यानाचं सामर्थ्य सांगायला हा दृष्टान्त शेकडो वर्षं पुरला आणि दृष्टान्त म्हणून त्याचं मोल आजही तसूभर कमी होत नाही. प्रत्यक्षात मातीच्या भिंतीआड घडतं ते वेगळंच. माशी अळीला नांगी मारून लुळी करते, मारत नाही. म्हणजे ती ताजी राहते. त्याच कोठडीत एक अंडं घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो साठा खाऊन वाढतं, कोष करतं आणि भिंत फोडून बाहेर येतं. काही जाती अळ्यांऐवजी कोळी भरतात.

ही माशी जंगलात दडून राहणारी नव्हे. ती देवघराच्या कोनाड्यात, खिडकीच्या कोपऱ्यात, टांगलेल्या कंदिलाच्या मागे घर बांधत होती. आपल्या पूर्वजांची नजर अधू नव्हती. अळी आत गेली आणि माशी बाहेर आली, ही दोन्ही निरीक्षणं अचूक आहेत. मधला भाग मात्र अर्धा सेंटीमीटर मातीने झाकला होता. 'बाहेर फुकट दिसतं' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, हजारो वर्षं फुकट दिसत असलेल्या या माशीचं खरं काम किती जणांना दिसलं?

मधमाशीचं कोडं सुटलं तेही असंच. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या फ्रान्स्वा ह्युबरने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पोळ्याची पेटी बनवून घेतली. ह्युबर आंधळा होता; त्याचा मदतनीस ब्युर्नेन्स पाहायचा आणि ह्युबर प्रश्न विचारत राहायचा. राणीमाशीचं मीलन पोळ्याबाहेर, हवेत उडताना होतं, हे या दोघांनी ताडलं. पुढे विसाव्या शतकात कार्ल फॉन फ्रिशने काचेच्या भिंतीचं पोळं वापरून मधमाश्यांचं नाचून पत्ता सांगणं उलगडलं. १९७३ साली त्याला नोबेल मिळालं. त्या नाचात फुलांची दिशा आणि अंतर दोन्ही असतात. मध माणूस किती सहस्रकं खातो आहे! पण ही भाषा वाचता आली ती पोळ्याला काच बसल्यावर. लंडनच्या प्राणीसंग्रहालयाने १८८१ मध्ये कीटकगृह उघडलं, तेव्हा या कुतूहलाला प्रयोगशाळेबाहेरची, सामान्य माणसाची जागा मिळाली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली ती १८८३ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांनी. किड्यांचा अभ्यास आपल्या मातीत नवा नाही. तो टाचणीला टोचलेल्या नमुन्यांच्या कपाटांतून जिवंत होऊन लोकांपर्यंत तेवढा आला नाही.

शिवाय मोकळ्या निसर्गात जाऊन बघणं आपोआप निर्दोष ठरतं का? भंडारदऱ्याच्या काजव्यांचं उदाहरण घ्या. मे संपता संपता, पहिल्या सरींच्या आसपास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात झाडंच्या झाडं लुकलुकू लागतात. नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते. ती चमक म्हणजे त्यांचं लग्न जुळवणं. ते बघायला गाड्यांची रांग लागते, हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचे फ्लॅश, झाडाखाली पायांखाली पाल्याचा चुराडा. तिथल्या आदिवासी गावांना चार दिवस रोजगार मिळतो आणि तो मिळायलाच हवा, म्हणून मी हे बंद करा म्हणत नाही. पण काजव्याचं लुकलुकणं हे त्याच्या आयुष्याचे शेवटचे थोडे दिवस आहेत. त्याआधीचे कित्येक महिने तो अळी म्हणून ओलसर पाल्यापाचोळ्यात राहतो आणि गोगलगायी खातो. जो माणूस झाडाकडे वर बघत पाचोळा तुडवतो, त्याला पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे आहेत हे कुणी दाखवलं आहे? उडते काजवे पेटीत ठेवू नयेत, ते तिथे नीट जगणार नाहीत. पण काजव्याची अळी गोगलगायीशी झटताना एकदा काचेतून पाहिली, तर भंडारदऱ्याला गेल्यावर पाऊल जपून पडेल. अशा दालनाची जागा अभयारण्याच्या वाटेवर असावी, असं मला फार वाटतं.

आता त्या कॉलेजातल्या मुलाचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि 'किड्यांना कुठे काय कळतं' हे त्याचं उत्तर नव्हे. भुंग्यासारख्या गुबगुबीत बंबलबी माश्या काही खाऊ मिळत नसतानाही लाकडी गोळ्या पुन्हा पुन्हा लोळवतात, खेळल्यासारख्या, असं लंडनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या पिल्लांत, झोपेत डोळ्यांचे पडदे ठरावीक काळाने हलतात, असं जर्मनीतल्या अभ्यासकांना आढळलं. ही पिल्लं इतकी पारदर्शक असतात की डोळ्याची हालचाल आरपार दिसते. स्वप्नं पडतात का, हे त्यावरून ठरत नाही. पण 'आत कुणीच नाही' असं छातीठोकपणे म्हणण्याचे दिवस गेले. आपला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा तर माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राण्याला प्राणी म्हणतो. म्हणून किड्याला पेटीत ठेवायचं तर त्याचं सुखदुःख आहे असं धरूनच ठेवायला हवं, हे मी पूर्ण मान्य करते.

तरीही वाघ आणि कोळी एका मापात बसत नाहीत. वाघाचा वावर कित्येक चौरस किलोमीटरांचा. कोणतंही आवार बांधा, वाघाचं आयुष्य त्यात मावत नाही, वाघ तेवढा मावतो. फेऱ्या मारणारा वाघ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आणि कोळी? पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून झाकणवाल्या बिळातल्या कोळ्यांचा माग ठेवला. त्यांतली 'सोळा नंबर'ची मादी ४३ वर्षं जगली आणि सबंध आयुष्य एकाच बिळात राहिली. २०१६ मध्ये ते बीळ ओसाड सापडलं, झाकण फुटलेलं होतं. परजीवी गांधीलमाशीने ते भेदलं होतं. कुणी कोंडलं नव्हतं तिला. तेवढीच जागा तिला लागत होती: अंधार, योग्य ओलावा, दाराशी येणारं भक्ष्य. टॅरंटुलाही बहुतेक काळ आपल्या बिळाशीच असतो. हे सगळं पेटीत देता येतं, नीट देता येतं आणि अंड्यापासून म्हातारपणापर्यंतचं सबंध आयुष्य तिथे उलगडू शकतं. प्राणीसंग्रहालय ज्या थोड्या जिवांना हे देऊ शकतं, नेमके तेच जीव तिथून गायब असावेत आणि ज्यांना कधीच देऊ शकत नाही ते पहिल्या पानावर झळकावेत, हा क्रम मला उफराटा वाटतो.

अर्थात सगळे किडे असे नाहीत. चतुराला आकाश लागतं. ऋतू बदलला की दक्षिण भारतात थव्यांनी स्थलांतर करणारी निळ्या-काळ्या पंखांची फुलपाखरं आहेत. त्यांना जाळीखाली ठेवू नये. बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या उद्यानात २००६ मध्ये फुलपाखरांचं घुमटाकार दालन झालं, आणि फुलपाखरू हा बघायला येण्याचा विषय आहे हे त्याने देशाला पटवलं, हे खरं. पण मला ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी जास्त पटते. तिथे घुमट नाही. अळ्यांना लागणारी आणि फुलपाखरांना मध देणारी झाडं लावली आहेत, फुलपाखरं आपणहून येतात, अंडी घालतात, जातात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंताला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं पहिलं राज्य आपलं. नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खाते. एक लिंबाचं झाड लावून जे जमतं त्यासाठी घुमट कशाला?

कोळ्यालाही नेहमी काच लागते असं नाही. लंडनच्या प्राणीसंग्रहालयाने २०१६ मध्ये कोळ्यांचं असं दालन उघडलं की माणसं जाळ्यांमधून चालत जातात, मध्ये काहीच नाही. जाळं विणणारी मादी भक्ष्य मिळत असेल तर जाळं सोडून फारशी भटकत नाही, त्या भरवशावर ते उभं आहे. या कोळ्यांचा आपल्याकडचा सगासोयरा पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाटांवर आडवा येतो. हाताएवढी मादी, सोनेरी झाक मारणारं जाळं आणि त्याच जाळ्याच्या कडेला बोटाच्या पेराहून लहान नर, जो नवख्याला दुसराच किडा वाटतो. माझी आजी कोळ्याला 'कातीण' म्हणायची, कातते ती कातीण. जुन्या मराठीतला हा शब्द प्राणी काय करतो तेच सांगतो आणि कातणारी मादी असते हेही सांगतो. मुंबईच्या राणीच्या बागेतल्या जुन्या झाडांमध्ये पावसाळ्याचे चार महिने अशी एक वाट का असू नये? लाल दिवे आणि गडगडाट यांनी भीती वाढते. लंडनमध्येच कोळ्याची भीती घालवण्याचे वर्ग वर्षानुवर्षं चालू आहेत आणि भेदरलेली माणसं त्यात कोळ्याजवळ जायला शिकतात. एकाच जिवाची भीती विकायची की भीती कमी करायची, हे दालन बांधणाऱ्याने ठरवायचं असतं. कोळी तळहातावर ठेवून फोटो काढू देणं मात्र नको. टॅरंटुला कमरेएवढ्या उंचीवरून पडला तरी त्याचं पोट फुटू शकतं.

दालनाच्या बाजूने 'संवर्धन' म्हणणाऱ्यांनी तो शब्द जरा जपून वापरावा, असंही मला वाटतं. बहुतेक काचपेट्यांतून कोणतीही जात वाचत नाही. पण वाचते तेव्हा काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या लॉर्ड हाव बेटाच्या काडीकिड्याने दाखवलं. १९१८ मध्ये 'माकाम्बो' जहाज बेटाच्या किनाऱ्याला लागून रुतलं, त्यावरचे उंदीर उतरले आणि काही वर्षांत हाताएवढा काळा काडीकिडा बेटावरून नाहीसा झाला. २००१ मध्ये जवळच्याच बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून सुळक्यासारख्या उठलेल्या खडकावर, एका झुडपाच्या आधाराने जगणारे २४ किडे सापडले. जगात तेवढेच. २००३ मध्ये दोन जोड्या आणल्या गेल्या. त्यांतली मेलबर्नच्या प्राणीसंग्रहालयातली मादी आजारी पडली, तेव्हा तिच्या रक्षकाने तिला कॅल्शियम आणि मधुरसाचं मिश्रण थेंबाथेंबाने भरवलं. ती जगली, तिने अंडी घातली, पुढे हजारो किडे झाले. २०१९ मध्ये बेटावर उंदरांचा नायनाट करण्याची मोठी मोहीम झाली ती या किड्याला परत घर मिळेल या आशेनेही. एक खोली, काही झुडपं आणि किडा आजारी आहे हे ओळखणारा एक माणूस, एवढ्यावर एक जात तगली. गेंड्यासाठी हे एका खोलीत करता येईल का?

आणि आपण काय गमावतो आहोत? १८९९ मध्ये आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वे आवारात एक निळाभोर टॅरंटुला सापडला. मग शंभर वर्षं तो पुन्हा दिसला नाही. २००१ च्या सुमारास पूर्व घाटातल्या जंगलाच्या एका तुकड्यात तो परत आढळला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. पण युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांच्या घरी आणि तिथल्या प्राणीसंग्रहालयांत तो सर्रास दिसतो. तिकडच्या मुलांना आपला कोळी नावानिशी ठाऊक आहे, इथल्या मुलांना तो आहे हेही माहीत नाही. प्रदर्शनामुळे पाळण्याची हौस वाढते आणि हौसेतून तस्करी, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दुर्मीळ आणि चकचकीत जाती मांडण्याऐवजी कुंभारमाशी, शेणकिडा, खंडोबाचा किडा, मुंगीसिंह मांडा, असं मी म्हणते. त्यांना बाजारभाव नाही.

उरला खर्चाचा आणि कौशल्याचा प्रश्न. राणीच्या बागेत २०१६ मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी थंड हवेचं दालन अहोरात्र चालवावं लागतं. त्या तुलनेत कीटकदालन स्वस्त, पण ते सोपं नाही. पुष्कळ किडे प्रौढ झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मरतात, म्हणजे मागच्या खोलीत सतत नवी पिढी वाढवावी लागते. ते न जमल्यानेच दालनं ओस पडतात. मात्र हे कौशल्य आयात करायची गरज नाही. गडचिरोली-भंडाऱ्याकडचे ढिवर पिढ्यानपिढ्या ऐन-अर्जुनावर टसरचे किडे वाढवतात, मुंग्या-पाखरांपासून राखतात आणि कोष उतरवतात. मराठवाड्यातला शेतकरी तुतीच्या पाल्यावर रेशीमकिडे वाढवतो आणि कुठल्या दिवशी अळी कात टाकणार हे त्याला तारखेने माहीत असतं. शेती विद्यापीठांत तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा हा परजीवी कीटक वाढवून, ती अंडी चिकटवलेली 'ट्रायकोकार्डं' शेतकऱ्याला देतात. तो परजीवी एवढा बारीक की प्रौढ होईपर्यंतची त्याची सगळी वाढ दुसऱ्याच्या अंड्यात होते. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथली माणसं सातेरी माश्यांची पेटी उघडतात ती उघड्या हातांनी. हे सगळे लोक कीटकरक्षकच आहेत. प्राणीसंग्रहालयाच्या नोकरभरतीच्या जाहिरातीत त्यांच्या कामाला अनुभव म्हणून धरत नाहीत, एवढीच अडचण आहे.

त्या दिवशी दालन बंद व्हायच्या वेळी तिथल्या रक्षकदादांनी मला मागची खोली दाखवली. "ताई, खरं बघण्यासारखं सगळं इकडं आहे," ते म्हणाले. अंड्यांच्या ट्रेमध्ये कुरकुरणारे रातकिडे, फळमाश्यांच्या बाटल्या, कापूस भिजवून ठेवलेल्या डब्या. एका डब्याच्या तळाशी त्याच टॅरंटुला मादीने आदल्या रात्री टाकलेली कात होती, आठही पाय शाबूत, रिकामी. कात टाकायला तिला रात्रीचे काही तास लागले आणि दादा स्टूल टाकून शेजारी बसून होते, कारण त्या वेळी तिला हलवलं तर पाय तुटतात. दालनातल्या पेटीत ती सालीखाली का दडली आहे, याचं उत्तर तेच होतं: नवी कातडी अजून मऊ होती. पाटीवर मात्र जातीचं नाव होतं आणि खाली लाल अक्षरांत 'विषारी'. मी विचारलं, ही कात पुढे पेटीशेजारी ठेवता येईल का, आणि ती का लपली आहे हे लिहिता येईल का? ते म्हणाले, लिहायला मला आवडेल, पण पाट्या वरून छापून येतात.